उरलेला रंग

स्टेनलेस स्टीलला रंग द्यायचा म्हटलं की डोळ्यांसमोर डबा आणि ब्रश येतो. तोही एक मार्ग आहे, पण या धातूला तो मानवत नाही. पृष्ठभाग इतका गुळगुळीत आणि आपल्यातच मिटलेला असतो की ऑइलपेंटला धरायला जागाच मिळत नाही. वाळूचा नाहीतर काचमण्यांचा मारा करून तो खरबरीत करावा लागतो, तेलकटपणा काढावा लागतो, खास प्राइमर लावावा लागतो. एवढं करूनही एखाद्या कडेला पापुद्रा सुटतो आणि मग नखाने सोलला तरी निघत जातो. पावडर कोटिंग त्यापेक्षा बरं टिकतं, इतकंच. त्या रंगांवर मला फार शब्द खर्चायचे नाहीत. मला लिहायचं आहे ते ज्या रंगांत रंगद्रव्याचा कणही नसतो त्यांच्याविषयी. ते स्टीलच्या स्वतःच्या कातडीतून उगवतात. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं मी हे रंग शोधण्यात घालवली, तीही ते कुठे दिसू नयेत अशी इच्छा धरून. पुढे वाचनातून कळत गेलं की जगात दुसरीकडे माणसं नेमके तेच रंग मिळवण्यासाठी तापलेल्या आम्लाच्या टाकीपाशी उभी असतात. तेव्हापासून या विषयाने मला सोडलेलं नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते हवेला लागताच स्वतःला किंचित गंजवून घेतं आणि तिथेच थांबतं. त्यातलं क्रोमियम ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि क्रोमियम ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. तो इतका दाट असतो की पुढचा ऑक्सिजन आतल्या लोखंडापर्यंत पोचत नाही. ओरखडा उठला तर थर आपला आपण पुन्हा धरतो. हे घडायला मिश्रधातूत किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. घरातल्या चांगल्या भांड्यांच्या ३०४ प्रतीत ते १८ टक्क्यांच्या आसपास असतं, सोबत ८ टक्के निकेल. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमियम घातलेलं पोलाद तपासत होता. त्या तपासातून सुऱ्यांसाठी न डागळणारं पोलाद हाती आलं. शेफील्ड हे सुऱ्या करणाऱ्यांचंच गाव, त्यामुळे या धातूचं पहिलं काम जेवणाच्या टेबलावर सुरू झालं.

आपल्याकडे त्याचं कौतुक झालं तेही त्याला रंग नसल्यामुळेच. पितळ काळवंडायचं, तांब्यावर हिरवट चढायचं, कल्हईवाल्याची वाट बघावी लागायची. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीच्या पुढ्यात टाकून आमच्या आयांनी स्टीलचे डबे घेतले ते त्या पांढऱ्या, न बदलणाऱ्या चकाकीसाठी. त्या चकाकीच्या वर एक पारदर्शक थर आहे हे कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. दोन-तीन नॅनोमीटरचा थर प्रकाशाच्या लेखी जवळजवळ नसतोच.

हाच थर काही दशक नॅनोमीटरपर्यंत जाड झाला की मात्र चित्र पालटतं. उजेडाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग थरात शिरून खालच्या धातूवरून परततो. दुसऱ्याला जास्त वाट चालावी लागते. दोन्ही लाटा परत भेटतात तेव्हा एखाद्या रंगाच्या बाबतीत एकीचे चढ दुसरीच्या उतारांवर पडतात आणि तो रंग विझतो. थर पातळ असताना आधी निळा-जांभळा विझतो, म्हणून पृष्ठभाग पिवळसर दिसतो. थर वाढला की हिरवा विझतो आणि जांभळी छटा येते. आणखी वाढला की पिवळा-लाल विझतो आणि निळा राहतो. पावसात ओल्या डांबरावर पसरलेल्या पेट्रोलमध्येही हेच चाललेलं असतं. स्टीलवरचा निळा कुणी घातलेला नसतो, पांढऱ्या उजेडातून काहीतरी वजा झाल्यावर उरलेला तो रंग असतो. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा कितीतरी वेळ मी हातातल्या निळ्या दिसणाऱ्या स्टीलच्या पट्टीकडे बघत बसले होते. तिच्यावर निळं असं काहीच नव्हतं.

हा थर जाड करायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे उष्णता. ३०४ प्रतीचा पत्रा हवेत तापवला तर साधारण २९० अंश सेल्सिअसला फिकट गवती पिवळा येतो, ३४० ला तो पक्का गवती होतो, ३९० च्या सुमारास तपकिरी, ४२० ला त्यात जांभळा शिरतो, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० ला गडद निळा. तापमानाइतकाच वेळही मोजावा लागतो, कमी उष्णतेत जास्त वेळ राहिलेला तुकडाही पुढच्या रंगावर जातो. साधं कार्बन पोलाद याच्या खूप आधी रंगतं, त्यावर ३०० अंशांच्या आसपास निळा येऊनही जातो. त्याच तापमानाला स्टेनलेस जेमतेम पिवळं पडायला लागलेलं असतं, कारण क्रोमियम थराची वाढ रोखून धरतं. गॅसवर रिकामं राहिलेल्या स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी जी मोरपंखी वलयं उमटतात ती हीच. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळलं की ती जातात, आम्ल तेवढा थर विरघळवून टाकतं. भांडं बिघडलेलं नसतं, ते किती तापलं होतं एवढंच ते सांगत असतं.

आणि ते फार खरं सांगतं. तापमापक हाताशी नव्हता तेव्हा लोहाराने याच रंगांवर भरवसा ठेवला. छिन्नीला पाणी दिल्यावर तो तिची एक बाजू घासून उजळ करतो आणि मागच्या जाड भागातली उरलेली धग धारेकडे सरकताना बघत राहतो. आधी पिवळा, त्यामागून तपकिरी, त्यामागून जांभळा अशा पट्ट्या धारेच्या दिशेने चालत येतात. हवा तो रंग धारेवर पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. एक रंग आधी बुडवली तर धार तडकते, एक रंग उशिरा बुडवली तर वाकते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमधले रंग वर्णन केले, तेव्हा तापवलेल्या पोलादावरचे रंगही त्याने त्याच प्रकरणात घेतले. रंगांचा संबंध पापुद्र्याच्या जाडीशी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पातळ थरांतली रंगीत वलयं मोजली. दोन लाटा एकमेकींना विझवतात हा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंगने केला. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्सने १९२७ मध्ये धातूवरचा तो अदृश्य संरक्षक थर प्रत्यक्ष सोडवून वेगळा काढून दाखवला. लोहाराच्या भात्यापाशी जे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं त्याचं कारण समजायला एवढा काळ गेला.

मी नोकरी केली ती भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. दूध डेअऱ्यांच्या टाक्या आणि औषध कारखान्यांच्या पाइपलाइन तयार व्हायच्या, आणि वेल्डिंग झालेला प्रत्येक सांधा तपासून पास किंवा नापास करणं हे माझं काम. बाहेरून सगळे सांधे देखणेच दिसतात. खरी परीक्षा नळीच्या आत असते, जिथून दूध किंवा इंजेक्शनचं पाणी वाहणार. वेल्डिंगच्या वेळी नळीत हवा राहिली तर आतली तापलेली कड ऑक्सिजन ओढून घेते आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगाचे पट्टे उमटतात. म्हणून नळीची तोंडं बंद करून आतून आर्गन सोडतात. आमच्याकडे सगळे त्याला पर्ज म्हणायचे. घाईघाईत कमी वेळ सोडला, एखाद्या जोडातून हवा शिरली, की बोरोस्कोपच्या, म्हणजे नळीत सोडायच्या दुर्बिणीच्या, पडद्यावर ती गोष्ट लख्ख दिसायची.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा यासाठी एक तक्ता आहे. त्यात आर्गनमध्ये मुद्दाम वाढत्या प्रमाणात ऑक्सिजन मिसळून केलेल्या दहा सांध्यांची छायाचित्रं आहेत. पहिल्याच्या वेळी दहा लाखांत १० भाग ऑक्सिजन, मग २५, ५०, १००, आणि असं वाढत दहाव्याला २५,००० भाग. पहिला जवळजवळ पांढरा, पुढे पिवळसर, मग निळ्या कडा, शेवटी काळपट. औषधाच्या कामात सहसा पहिले दोन-तीनच चालतात. तो तक्ता मला आजही डोळे मिटून दिसतो. रंगाच्या छटेवरून वायूतली अशुद्धता वाचायची, तीही लाखांशांच्या हिशोबात, हे काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही. मिस्त्री दुर्बिणीच्या पडद्याशी येऊन विचारायचे, “मॅडम, सोनेरी आलाय. चालंल का?” मी तक्ता पुढे करायचे. ते स्वतःच बघायचे, मान हलवायचे आणि ग्राइंडर उचलायचे. त्यांच्याशी या बाबतीत वाद झाल्याचं मला आठवत नाही. रंग दोघांनाही दिसत होता.

एवढ्याशा सोनेरी पट्ट्याला नापास का करायचं, हे नवीन मुलांना समजावून सांगावं लागे. उष्णतेने थर जाड होतो तेव्हा त्याला लागणारं क्रोमियम खालच्या धातूतून येतं. त्यामुळे रंगीत थराच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेली एक पातळ पट्टी राहते. वरून निळा-जांभळा दिमाख, खाली दुबळा पडलेला धातू. क्लोराइड असलेलं पाणी तिथून गेलं की सुईच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात, खड्ड्यात दुधाचा अंश अडकतो आणि मग ती जागा कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही. म्हणून रंगही काढायचा आणि त्याखालची दुबळी पट्टीही. त्यासाठी पिकलिंग पेस्ट लावतात, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं आणि हाडापर्यंत जातं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम शेजारी ठेवल्याशिवाय पेस्टचा डबा उघडायचा नाही, हा नियम मी कुणाला मोडू दिला नाही.

त्या मिस्त्रींनी मुलांना शिकवायची एक चांगली रीत काढली होती. पत्र्याच्या उरलेल्या पट्टीवर टिग वेल्डिंगचा चाप एका टोकापासून हळूहळू वेग कमी करत फिरवायचा. पट्टीवर गवती पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग ओळीने उठायचे. मग ते एकेका रंगावर बोट ठेवून विचारायचे, इथे हात किती रेंगाळला? गॅस कुठे कमी पडला? मुलं त्या पट्टीकडे बघून आपल्याच हाताची चाल ओळखायला शिकली. शॉपमध्ये ती पट्टी कपाटाच्या दारावर टांगलेली असे, आणि बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा की ही शोभेची पट्टी कुठून आणली. माझ्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. ती खरंच सुंदर दिसायची.

सौंदर्यासाठीच हा रंग आणायचा, तर उष्णतेवर विसंबून चालत नाही. ज्योत हलली, पत्रा कुठे जाड कुठे पातळ असला, की छटा बदलते. १९७० च्या दशकात इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या बर्मिंगहॅममधल्या प्रयोगशाळेत यावर जी पद्धत बसवली गेली ती आजही कंपनीच्या आद्याक्षरांनी, इन्को पद्धत म्हणून ओळखली जाते. क्रोमिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल यांचं ७०-८० अंशांपर्यंत तापवलेलं दाट द्रावण घ्यायचं आणि स्वच्छ केलेला पत्रा त्यात बुडवून ठेवायचा. वीज लागत नाही, रंगही कुठला घालायचा नसतो. थर त्या द्रावणात सावकाश वाढत जातो आणि पत्रा एकामागून एक रंगांतून जातो. आधी कांस्यासारखा तपकिरी, मग निळा, मग सोनेरी, मग लालसर जांभळा, शेवटी हिरवा. सगळा खेळ सुमारे ०.०२ ते ०.३६ मायक्रोमीटर जाडीच्या आत. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रोमीटर धरली, तर सर्वांत जाड हिरवा थरही तिच्या शंभराव्या भागाहून कमी.

पण पत्रा नेमका कधी बाहेर काढायचा? द्रावण गडद तांबडं असतं, आतला पत्रा धड दिसत नाही. घड्याळ लावूनही जमत नाही, कारण द्रावणाचं वय, त्याची धग, पत्र्याची प्रत यांवर वेळ मागेपुढे होतो. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी शोधलेला उपाय मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. पत्र्याशेजारी प्लॅटिनमची पट्टी बुडवायची आणि दोघांमधला विद्युतदाब मोजत राहायचा. थर वाढतो तसा तो दाब सरकतो, आणि सुरुवातीच्या एका ठरावीक बिंदूपासून किती मिलिव्होल्ट सरकला यावरून कुठला रंग आला हे कळतं. वेळ बदलला तरी हा फरक रंगापुरता जवळपास तोच राहतो. म्हणजे न दिसणारा रंग मीटरच्या काट्यावर वाचायचा. लोहार रंगावरून धग वाचत होता, इथे विजेवरून रंग वाचला जातो.

असा निघालेला थर सच्छिद्र आणि मऊ असतो, बोटाने घासला तरी जाईल. म्हणून पत्रा दुसऱ्या द्रावणात ऋण टोकाला जोडून त्यातून वीज सोडतात. छिद्रांत क्रोमियमची संयुगं बसतात आणि थर टणक होतो. उष्णतेच्या रंगाखाली राहते तशी दुबळी पट्टी या थराखाली राहत नाही, म्हणून तोच निळा इथे दोष ठरत नाही. पत्रा आरशासारखा घासलेला असेल तर रंग धातूसारखा झळाळतो, हेअरलाइन असेल तर रेशमी दिसतो. रंग खालून येतो, त्यामुळे पॉलिश जसं तसा तो. उन्हाने तो विटत नाही, कारण विटायला त्यात रंगद्रव्यच नाही. सिअ‍ॅटलमधलं फ्रँक गेरींनी आखलेलं संग्रहालय २००० साली उघडलं. त्याच्या अंगावर स्टेनलेस आणि रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे मिळून सुमारे २१,००० तुकडे बसवले आहेत. त्यातल्या जांभळ्या स्टीलच्या भिंती चालणाऱ्या माणसाबरोबर सोनेरी, तांबड्या होत जातात. बघण्याचा कोन बदलला की उजेडाची थरातली वाट बदलते आणि विझणारा रंगही बदलतो. ती इमारत मी छायाचित्रांतच पाहिली आहे, आणि एकाच भिंतीची दोन छायाचित्रं मला दोन वेगळ्या इमारतींची वाटली होती.

या रंगाची एक अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय त्याची स्तुती करू नये. तो दुरुस्त होत नाही. ओरखडा खोल गेला, वेल्डिंग करावं लागलं, तर तेवढ्या जागेवर तोच थर तेवढ्याच जाडीचा परत आणता येत नाही. अख्खा पत्रा बदलायचा. बोटांचे ठसेही यावर साध्या स्टीलपेक्षा जास्त उठून दिसतात, कारण बोटाचा तेलकटपणा थरावर आणखी एक थर चढवतो आणि तेवढ्या ठिकाणचा रंग सरकतो. साबणाच्या पाण्याने पुसला की तो जागेवर येतो. भिंतीला, छताला हा रंग शोभतो. जिथे रोज शंभर हात लागणार तिथे मी तो कधीच सुचवणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. ती टाकीत आहे. क्रोमिक आम्लातलं क्रोमियम सहा संयुजेचं असतं, आणि ते माणसात कर्करोग घडवतं हे निर्विवाद आहे. क्रोमच्या टाकीवर वाफेत काम करणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हा या धंद्याचा जुना आणि नोंदलेला आजार आहे. युरोपने २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरायला बंदी केली ती यामुळेच. आपल्याकडे देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट ओडिशातून येतं, मुख्यतः जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यातून. खनिजात क्रोमियम तीन संयुजेचं, म्हणजे पुष्कळ निरुपद्रवी असतं. पण खाणीतून काढून टाकलेल्या मातीत, हवा-पाण्याच्या संगतीत त्यातलं काही सहा संयुजेचं होऊन ओढ्यांत उतरतं. २००७ मध्ये ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत सुकिंदाचं नाव घातलं होतं. आपल्या प्रत्येक डब्याची चकाकी त्याच खोऱ्याशी बांधलेली आहे, रंगीत असो की पांढरी.

कारखान्यात टाकीनंतरच्या धुण्याच्या पाण्यावर उपाय आहे आणि तोही रंगानेच कळतो. धुण्याचं पिवळंजर्द पाणी आम्लधर्मी ठेवून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर येतं आणि पाणी पिवळ्याचं हिरवं होतं. मग चुना घालून क्रोमियमचा गाळ खाली बसवायचा. पिवळं पाणी गटारात सोडलं की गुन्हा, हिरवं झालं की अर्धं काम झालं. पर्यवेक्षकाने हे एक वाक्य पाठ केलं आणि पाळलं तर खालच्या गावातल्या विहिरी वाचतात. ते न पाळणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात क्षमा नाही.

लिफ्टच्या दारांवर, सोनारांच्या दुकानांत, सोसायट्यांच्या पाट्यांवर हल्ली स्टीलचा जो सोनेरी, रोझ गोल्ड, काळा रंग दिसतो, तो बहुतेक वेळा या टाकीतून आलेला नसतो. तो पीव्हीडीचा. मोठ्या निर्वात कोठीत पत्रे टांगतात, टायटॅनियमच्या ठोकळ्यावर विजेचा चाप पेटवून त्याची वाफ करतात, आर्गनबरोबर नायट्रोजन सोडतात आणि पत्र्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर बसतो. त्याचा सोनेरी रंग मात्र लाटा विझून उरलेला नाही. सोन्यासारखाच तो पदार्थ स्वतः निळा उजेड गिळतो, म्हणून कुठूनही बघा, छटा तीच. टायटॅनियमऐवजी झिर्कोनियम घेतलं तर फिकट पितळी येतो. वायूत थोडा कार्बन आणला की गुलाबीकडे झुकतो. थर कमालीचा कठीण असतो, ड्रिल बिटांवर लावतात तोच हा. पद्धत स्वच्छ आहे, क्रोमिक आम्लाची टाकी नाही, सांडपाणी जवळपास नाही. कामगारांच्या फुप्फुसांचा विचार केला तर मी निःसंकोच हिच्या बाजूने कौल देईन. डोळ्यांचा विचार केला तर माझं मन अजून त्या सरकणाऱ्या जांभळ्यात अडकतं.

लेझरने आता अगदी बारीक रेषाही रंगवता येतात. ठिपक्याठिपक्याने पृष्ठभाग तापवून हव्या त्या जाडीचा थर उठवायचा, म्हणजे मिस्त्रींची पट्टी यंत्राने, रेघेरेघेने. तिथेही उष्णतेचा जुना दोष उरतो, थराखालचं क्रोमियम कमी होतं. शोभेच्या चिन्हाला चालेल, शस्त्रक्रियेच्या हत्यारावर आधी नीट तपासून घ्यावं. जेफ कून्सच्या प्रचंड ‘बलून डॉग’ शिल्पांवरचे निळे, नारिंगी, लाल रंग मात्र पुन्हा अगदी सुरुवातीच्या, वरून रंग लावायच्या मार्गाचे आहेत. आरशासारख्या स्टीलवर चढवलेला तो पारदर्शक रंगलेप आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या दिराने गुहागरला घर बांधलं. फोन आला, “वहिनी, गॅलरीला सोनेरी कठडा बसवायचाय. पीव्हीडीवाला म्हणतो आयुष्यभर काही होत नाही.” मी विचारलं, खालचा पाइप कुठल्या प्रतीचा? ३०४, तो म्हणाला, आणि समुद्र गॅलरीतून दिसतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की थर कितीही कठीण असला तरी त्यात सुईच्या अग्राहून बारीक छिद्रं राहतात, आणि खारा वारा नेमका तिथून आत जातो. सोनेरीखाली तपकिरी ठिपके उमटले की ते बाहेरून घासून जाणार नाहीत. समुद्रासमोर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत घ्यायची, पॉलिश शक्य तितकं बारीक, कारण खरबरीत रेघांत मीठ साचतं. आणि पावसाळा सोडून बाकीचे महिने गोड्या पाण्याने धुवायचं, रंग असो की नसो.

त्याला सोनेरीचा मोह होता, पण त्याने ऐकलं. कठडा ३१६ चा, बिनरंगी झाला, सोनेरी मूठ फक्त आतल्या दाराला. फॅब्रिकेटर चिपळूणचा होता, हात चांगला होता. काम संपल्याचा निरोप आला तेव्हा मी बॅटरी घेऊन गेले आणि सगळे सांधे खालच्या बाजूनेही पाहिले. कोपऱ्यातल्या खांबापाशी एका सांध्याखाली फिकट गवती पट्टा राहिला होता, उभ्याने कुणाला दिसला नसता. मी फॅब्रिकेटरला तो दाखवला, आणि त्याने पेस्ट लावून तो संध्याकाळपर्यंत काढून दिला.